पथनाट्य आणि नेतृत्व शिबिर : काय मिळतं, कुठं कमी पडतं, कुणी जावं

बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या माथ्यावर भरणारं हे सहा दिवसांचं निवासी शिबिर पथनाट्य शिकवणारं म्हणून ओळखलं जातं. जाहिरातीतही डफ घेतलेल्या पोरींचाच फोटो असतो. प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त वेळ जातो तो नाटक संपल्यावर काय करायचं यावर, आणि आमच्या मते शिबिराची खरी किंमत तिथंच आहे. मराठवाड्यात वाजवणारे, गाणारे, नकला करणारे गावोगाव सापडतात. गर्दी पांगल्यावर थांबणारी, कोण काय बोललं ते लिहून घेणारी आणि आठ दिवसांनी त्याच वस्तीवर अर्जाचा कागद घेऊन परत जाणारी माणसं मात्र शोधावी लागतात. अशी माणसं कलेच्या कामातून घडवायची, असा या शिबिराचा हिशेब आहे. एकांकिका स्पर्धेसाठी अभिनय शिकायचा असेल तर इथं जाऊ नका. त्यासाठी छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे.

फी १,८०० रुपये. त्यात राहणं, दोन वेळचं जेवण, चहा-नाश्ता, वही आणि रंगाचं सामान येतं. एका तुकडीत २४ जण आणि आठ-आठ जणांचे तीन गट. झोपायला मोठा हॉल, बायकांसाठी वेगळी खोली. जेवण साधं, पोटभर, भाकरी गरम. चादर-पांघरूण आपलं आपण न्यावं, माथ्यावर पहाटे गारठा असतो. सोयीसुविधांबद्दल एवढं पुरे.

पहिला दिवस ओळखीचा आणि आवाजाचा. ओळखीचे खेळ नेहमीचेच आहेत, थोडे लांबतात. आवाजाचा तास मात्र चुकवू नये. उघड्यावर ओरडणारा नट तिसऱ्या प्रयोगाला घसा बसवून घेतो, कारण तो गळ्यातून जोर लावतो आणि वाक्याच्या शेवटी श्वास संपवून टाकतो. इथं सगळ्यांना पन्नास पावलांवर उभं करून, न ओरडता, एकेक शब्द सुटा करून बोलायला लावतात. 'पाणी आलं नाही' यातला 'नाही' पोचला का, ते पलीकडचा हात वर करून सांगतो. वाक्याचा शेवट गिळण्याची सवय दोन तासांत बरीच सुटते. याच्याच जोडीला उभं राहण्याची शिस्त: वारा नटाच्या पाठीकडून प्रेक्षकांकडं वाहता हवा, ऊन नटाच्या तोंडावर आलं तरी चालेल पण प्रेक्षकांच्या डोळ्यांत नको, आणि मागं पांढरी भिंत किंवा बंद दुकानाचं शटर मिळालं तर आवाज दुपटीनं उचलला जातो.

त्या संध्याकाळी प्रत्येकानं तीन मिनिटांत स्वतःच्या गावाबद्दल बोलायचं असतं, ते 'मी, आपण, आत्ता' या क्रमानं. मी या कामात का पडलो, हे दुःख आपल्या कुणाकुणाचं आहे, आणि आज या क्षणी काय करायचं आहे. ही मांडणी मार्शल गँझ यांची. १९६५ पासून १६ वर्षं ते कॅलिफोर्नियातल्या शेतमजूर संघटनेत होते आणि पुढं हार्वर्डमध्ये शिकवू लागले. त्याच संघटनेच्या द्राक्षमजुरांच्या संपात १९६५ मध्ये लुईस वाल्देझ यांनी 'एल तेआत्रो कांपेसिनो' उभं केलं, ट्रकच्या उघड्या हौद्यावर प्रयोग करणारं, मजुरांनाच नट करणारं. ऊसतोडीचा ट्रक रोज पाहणाऱ्या पोरांना हे लगेच कळतं, आणि शिबिरानं ही उदाहरणं नेमकी निवडली आहेत. एक दुरुस्ती सुचवावीशी वाटते. 'आत्ता' या भागात बहुतेक जण 'आपण जागं झालं पाहिजे' असं म्हणून खाली बसतात आणि प्रशिक्षक ते चालवून घेतात. तिथं तारीख, ठिकाण आणि काम या तीन गोष्टी आल्याशिवाय पुढं जाऊ देऊ नये. 'येत्या मंगळवारी सकाळी सात वाजता हापशावर रिकामे हंडे मोजायला पाच जणी हव्यात', एवढं नेमकं बोलता येणं हाच त्या तासाचा मुद्दा आहे.

दुसरा दिवस आपल्या मातीतल्या प्रकारांचा. पैठणच्या एकनाथांचं भारूड, तुळजापूर-माहूर-अंबाजोगाईचा गोंधळ, सत्यशोधक आणि आंबेडकरी जलसे. १४ जानेवारी १९९४ ला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला, त्याआधीच्या दीड दशकाच्या लढ्यात गाणं आणि जलसा यांनी काय केलं, हे जाणत्या शाहिराकडून ऐकायला मिळतं. कौतुकाची गोष्ट अशी की हे प्रकार इथं शोभेला ठेवलेले नाहीत. कोणत्या प्रकारात काय मावतं, हे शिकवतात. भारुडात रूपक चालतं, म्हणून ज्या गावात थेट नाव घेतलं तर डोकी फुटतील तिथं ते घ्यावं. गोंधळात पुढचा आणि त्याचा जोडीदार यांची सवाल-जवाबाची लय असते, म्हणून कायदा किंवा योजना समजावून सांगायला तो सोयीचा. जलशात आधी गाणं मग फार्स, आणि फार्समध्ये अंगावर येणारं खरं बोलायची जुनी मुभा. ओवी बायका-बायकांच्या बैठकीसाठी. चौकात ती हरवते.

हलगीचा तास याच दिवशी. वाजवायला आणि शिकवायला पिढीजात हलगी वाजवणारे वादक येतात, आणि त्यांना इतर प्रशिक्षकांइतकंच मानधन मिळतं. याची मुद्दाम नोंद करतो, कारण बऱ्याच ठिकाणी शाहीर 'सर' असतो आणि हलगीवाल्याला वाटखर्च देऊन वाटेला लावतात. इथं दुसरा एक नियमही आहे: हलगी गटातल्या प्रत्येकानं गळ्यात घालायची आणि निदान एक साधा ठेका बसवायचा. हा नियम नसेल तर कोणत्याही गटात हलगी आपोआप एका विशिष्ट वस्तीतल्या पोराच्या हातात जाते आणि माईक दुसऱ्याच्या. नेतृत्वाच्या शिबिरात याहून मोलाचा धडा क्वचितच असेल. मात्र २४ जणांना दोनच हलग्या आणि एक डफ, हे फारच कमी आहे. आठ जणांना एक हलगी तरी हवी. नाहीतर नियम कागदावर राहतो आणि निम्मे जण टाळ्यांवर ठेका धरून मोकळे होतात.

कातड्याबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवा. पावसाळी हवेत कातडं ढिलं पडतं आणि आवाज बसतो. पाचटाच्या किंवा कागदाच्या हलक्या जाळावर वाद्य फिरवत तापवायचं. एका जागी धरलं तर कातडं करपतं आणि पुढच्या प्रयोगाला फाटतं. तापवलेला ताण दमट हवेत फार वेळ टिकत नाही, म्हणून प्रयोगाच्या अगदी आधी तापवावं, घरून तापवून नेऊ नये. प्लॅस्टिकच्या पानाची हलगी पावसात बरी, पण तिचा आवाज चिरका आणि गर्दीत टोचणारा.

गाणी रचण्याचा तिसरा दिवस शिबिराचा सर्वांत चांगला बांधलेला दिवस आहे. नियम एकच: कडव्यात एक खरी गोष्ट. उदाहरण टँकरचं घेतात. ग्रामीण भागात टँकरच्या पाण्याचं प्रमाण माणशी दररोज २० लिटर धरलेलं आहे. पाचशे माणसांच्या वस्तीला दिवसाला १०,००० लिटर, म्हणजे तेवढ्याच क्षमतेच्या टँकरची रोज एक पूर्ण खेप. हा हिशेब भाषणात कुणाच्या लक्षात राहत नाही. गटानं तिथल्या तिथं बांधलेल्या कडव्यात तो असा बसला:

माणसामागं वीस लिटर, पाचशेची वस्ती,
दहा हजार भरतं, बाई, रोजची ही गणती.
वहीत लिहा गं, खेप वहीत लिहा.

धृपद हेच काम आहे: खेप आली की वहीत तारीख, वेळ, टँकरचा नंबर आणि वस्तीतल्या दोन बायकांच्या सह्या. गाणं म्हणता म्हणता काम पाठ होतं. 'दुष्काळ हटवा' या गाण्यानं असं काही होत नाही, कारण दुष्काळ हटवणं त्या वस्तीच्या हातात नाही. लातूरला २०१६ च्या एप्रिलपासून मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, एवढा तो प्रश्न मोठा आहे. खेप मोजणं हातात आहे. प्रश्नाचा नेमका हात लागेल एवढा तुकडा पाडायचा, हे शिबिरात वारंवार सांगतात आणि ते योग्यच आहे.

चालीबद्दल शिबिराचं मत आम्हाला पटतं. गाजलेल्या सिनेगीताच्या चालीवर शब्द बसवले तर लोक पहिल्या ओळीला मान डोलावतात, पण मनात मूळ शब्दच म्हणत राहतात. शेतातल्या कामाची भलरी, ओवी, भारुडाची ओळखीची चाल घेतली तर हा घोळ होत नाही. कसोटी सोपी आहे. ज्यांनी गाणं लिहिलं नाही त्यांना ते दोनदा ऐकवायचं, तिसऱ्यांदा धृपद त्यांनी उचललं तर गाणं ठेवायचं, नाहीतर धृपदातले शब्द कमी करायचे. आठ-नऊ शब्दांच्या पुढचं धृपद चौकात टिकत नाही.

चौथा दिवस फोरम थिएटरचा, आणि फक्त याच्यासाठी फी भरली तरी चालेल. ब्राझीलचे ऑगस्तो बोआल यांनी १९७० च्या दशकात ही पद्धत रूढ केली. नाटक अर्धवट सोडायचं, चुकीच्या वळणावर थांबवायचं, आणि प्रेक्षकानं उठून पात्राची जागा घ्यायची. इथं उभा करतात तो प्रसंग आपल्याकडचा आहे. दसरा तोंडावर आलाय. ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन झालीय. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी. घरात चौदा वर्षांची पोरगी, आठवीत. आजी वारली. मामा स्थळ घेऊन आलाय. आई 'बरं, करून टाकू' म्हणते, तिथं नाटक थांबतं. सूत्रधार पुढं येऊन विचारतो, "इथं दुसरं काय करता आलं असतं? तोंडानं सांगू नका ताई, या, आईच्या जागी उभ्या राहा."

पहिली येणारी बहुधा कायदा सांगते. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा, पोरीला अठरा वर्षं, ग्रामसेवक (आताचा ग्रामपंचायत अधिकारी) हाच गावातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी, लेकरांसाठीच्या १०९८ या मदत क्रमांकावर फोन. सगळं बरोबर. मामाचं काम करणाऱ्यानं इथं हरायचं नाही, हा या पद्धतीचा कणा आहे. तो म्हणतो, "बरं ताई, नाही करत लग्न. तुम्ही सहा महिने कारखान्यावर. पोरीला मागं कुणाच्या भरवशावर ठेवता, तेवढं सांगा." आणि अख्ख्या चौकात शांतता पसरते, कारण लग्न लवकर होण्याचं खरं कारण तेच आहे. मामा जर पहिल्याच वाक्याला 'चुकलं माझं' म्हणाला तर लोक टाळ्या वाजवून घरी जातात आणि पुढच्या मुहूर्ताला तेच लग्न लागतं. शिबिरात मामाला स्पष्ट सूचना असते: खरा तोडगा समोर येईपर्यंत माघार घ्यायची नाही, पण ओरडायचंही नाही.

मग दुसरी बाई येते, ती शेजारणीला मध्ये घेते. तिसरा येतो, तो शाळेच्या हेडमास्तरांकडं जातो. अशा चार-पाच फेऱ्यांनंतर हंगामी वसतिगृहाचा विषय निघतो. स्थलांतरित मजुरांची मुलं गावातच थांबावीत म्हणून शाळेमार्फत चालणारी ही सोय. शाळा व्यवस्थापन समितीनं यादी करून प्रस्ताव पाठवावा लागतो. यादी कोण करणार, कोणत्या तारखेला, रात्री पोरींसोबत कोण राहणार, हे प्रश्न प्रेक्षकच विचारू लागतात. कुटुंबं निघून गेल्यावर यादी करून उपयोग नसतो, म्हणून ती दसऱ्याआधी व्हावी लागते. इथपर्यंत पोचलेलं नाटक गावाच्या कामाला लागलं असं समजायचं.

सूत्रधार कुठं चुकतो, ते या दिवशी उघडं पडतं. प्रश्न विचारून दोन सेकंदांत तोच परत बोलतो. शिबिरात मनातल्या मनात पंधरापर्यंत मोजायला लावतात, आणि तेवढ्या शांततेत बहुतेक वेळा मागच्या रांगेतलं कुणीतरी हलतं. दुसरी चूक, पहिल्यांदा सरपंचाला किंवा गुरुजींना बोलवणं. ते बोलले की बाकीचे त्यांचंच म्हणणं पुढं नेतात. तिसरी चूक सर्वांत मोठी: उत्तर स्वतःच सांगून टाकणं. हुशार, वाचलेला, बोलका कार्यकर्ता हीच चूक हमखास करतो. त्याला गप्प बसायला शिकवणं हे या शिबिराचं सर्वांत अवघड काम, आणि ते शिबिर करून दाखवतं.

कसं, तेही सांगण्यासारखं आहे. सूत्रधार रोज बदलतो. आठ जणांच्या गटात सूत्रधार धरून पाच नट, एक वाजवणारा, आणि दोघं प्रेक्षकांत बसणारे, त्यातली एक बायकांच्या बाजूला. हे दोघं फक्त लोकांची वाक्यं जशीच्या तशी लिहितात. प्रयोगानंतरची बैठक ठरलेल्या क्रमानं होते: आधी सूत्रधार स्वतः काय केलं ते सांगतो, मग लिहिणारे दोघं वही वाचतात, मग सूचना. सूचना देणाऱ्यानं 'छान झालं' म्हणायचं नाही आणि 'वाईट झालं' असंही नाही. 'त्या आजी म्हणाल्या, आमच्या लेकीला शाळा लांब पडते, आणि तुम्ही पुढं गेलात', असं बोलायचं. हे ऐकणं जड जातं. पण तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत पोरं स्वतःच म्हणू लागतात, मी त्या आजींना थांबवलं. वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येकानं रोज लिहायचं असतं: आज मी कोणाला बोलू दिलं, कोणाला अडवलं, उद्या काय वेगळं करणार. प्रमाणपत्रापेक्षा हे पान जपून ठेवावं.

एक महत्त्वाचा इशारा प्रशिक्षक देतात, पण घाईत. ज्या गावात प्रयोग, तिथल्या ओळखू येईल अशा घराचा प्रसंग कधीही घेऊ नये. नाव बदललं तरी 'विहिरीजवळचं घर, तीन पोरी, बाप ट्रॅक्टरवर' एवढ्यावरून गाव ओळखतं, आणि त्याचे परिणाम त्या पोरीला भोगावे लागतात. दोन-तीन घरांचे तपशील मिसळून नवं घर बांधायचं, आणि प्रयोगाआधी त्या गावातल्या एका विश्वासू बाईला संहिता वाचून दाखवायची. यासाठी पुरा तास द्यायला हवा, पंधरा मिनिटांत हे उरकू नये.

पाचव्या दिवशी भिंत. शिबिर १२ बाय ८ फुटांची भिंत देतं, म्हणजे ९६ चौरस फूट. त्याला बाहेरच्या भिंतीचा प्रायमर एक लिटर, पांढरं इमल्शन दोन हातांसाठी सुमारे दोन लिटर, आणि चार-पाच रंग अर्धा-अर्धा लिटर पुरतात. आधीचा चुना तारेच्या ब्रशनं खरवडून काढला नाही तर रंग चुन्यावर बसतो, भिंतीवर नाही, आणि पहिल्याच पावसात पापुद्रे सुटतात. जमिनीपासून दोन-तीन फूट ओल चढते, तिथं चित्र-अक्षरं काही घेऊ नयेत, गेरूचा पट्टा ओढून सोडून द्यावं. पैसे वाचवायला कुणी स्टेनरच्या बाटल्या थेट भिंतीवर मारतात. स्टेनर पांढऱ्यात थोडा मिसळण्यासाठी असतो, नुसता मारला तर हाताला लागतो आणि पावसात ओघळतो. चित्र मोठं करायला कागदावर इंचाचे चौकोन, भिंतीवर फुटाचे, नीळ लावलेल्या दोरीनं फटका मारून आखलेले. अक्षरं रस्त्यावरून साठ फुटांवरून आरामात वाचायची असतील तर उंची सहा इंचांपेक्षा कमी नको, आणि शब्द सात-आठच.

रंगकामाचा हा भाग उत्तम. त्यात लोकांना सामील करण्याचा भाग अर्धा जमलाय. रेखाटन आदल्या रात्री गटच ठरवतो आणि गावकऱ्यांना सकाळी फक्त रंग भरायला बोलावतात. त्यामुळं लेकरं येतात, मोठी माणसं उभी राहून बघतात. उलट, कोरा कागद वस्तीवर नेऊन 'आपल्या गावचं पाणी कुठून येतं, कुठं जातं' हे बायकांकडून खडूनं जमिनीवर काढून घेतलं असतं आणि तेच भिंतीवर चढवलं असतं, तर ती भिंत पुसायला कुणी धजावलं नसतं. परवानगीचा धडा मात्र पक्का आहे. शाळेची किंवा ग्रामपंचायतीची भिंत असेल तर लेखी परवानगी, खाजगी असेल तर मालकाची सही, कारण विनापरवाना रंगवणं १९९५ च्या विद्रूपण प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरू शकतं. आचारसंहितेच्या तोंडावर भिंतचित्र करू नये. पुढाऱ्याचं नाव नसलं तरी घाईत पांढरा ब्रश फिरतो.

सहाव्या दिवशी जवळच्या गावात प्रयोग. वेळ संध्याकाळी साडेसात ते नऊ. त्याआधी बायका चुलीपुढून मोकळ्या होत नाहीत, आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवावाच लागतो. स्पीकर लावायचा तर पोलीस ठाण्याची परवानगी आधी. प्रयोग वीस मिनिटांचा, चर्चा त्याहून मोठी. जागेबद्दल शिबिराचा आग्रह अगदी रास्त आहे: मारुतीच्या पारावर एक प्रयोग, आणि दुसरा हापशाजवळ किंवा वस्तीच्या मोकळ्या जागेत. पारावर पुरुष येतात, सगळ्या बायका येत नाहीत, आणि सगळ्या वस्त्यांमधली माणसंही येत नाहीत. फक्त पारावर प्रयोग करून 'गावानं पाहिलं' असं म्हणू नये.

आता तक्रारी, आणि त्या गंभीर आहेत.

ग्रामसभेचं सत्र फक्त दीड तासाचं आहे. सगळं शिबिर ज्या दाराशी येऊन थांबतं, तेच दार घाईत दाखवतात. वर्षात किमान चार ग्रामसभा, त्याआधी महिलांची वेगळी सभा, गणपूर्ती मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर यांपैकी जे कमी असेल ते, हे सांगून होतं. पण अर्ज लिहिणं, त्याची पोच घेणं, विषयपत्रिकेवर विषय आधीच चढवून घेणं आणि ठराव इतिवृत्तात खरंच लिहिला गेला का ते पाहणं, हे हातानं करून घ्यायला अर्धा दिवस लागतो. 'ऐनवेळचे विषय' यात ढकललेला प्रश्न सभा उठेपर्यंत चर्चेलाच येत नाही, हे किती पोरांना माहीत असतं? ओळखीच्या खेळांतला वेळ इकडं वळवावा.

शिबिराची वेळ चुकलेली आहे. दिवाळीनंतर तुकडी घेतली की ऊसतोडीची कुटुंबं केव्हाच निघून गेलेली असतात. त्यांच्या प्रश्नावरचं नाटक त्यांच्यावाचून होतं, आणि त्यांच्या घरातली पोरंपोरी शिबिरालाही येऊ शकत नाहीत. श्रावण-भाद्रपदात घेतलं तर वसतिगृहाच्या यादीसाठीही वेळ मिळतो.

संहिता सगळ्या प्रमाण मराठीच्या जवळच्या. मराठवाड्यात बंजारा तांड्यावर गोरमाटी बोलतात आणि मोहल्ल्यात दखनी. तिथं हीच संहिता घेऊन गेलं की लोक आदरानं ऐकतात, पण उठून पात्राची जागा घ्यायला कुणी येत नाही. निदान मामा आणि आईचे संवाद गटातल्या जाणत्या मुलीकडून त्या बोलीत बसवून घेण्याची मोकळीक आणि वेळ द्यायला हवा.

लहान लेकरू असलेल्या बाईची सोय नाही. पाळणाघर नको, एक खोली आणि एक सांभाळणारी ताई एवढं पुरेल. ते नसल्यानं पंचविशीतल्या विवाहित बायका तुकडीत जवळजवळ नसतात, आणि गावात बचतगट चालवणाऱ्या, प्रश्न पोटतिडकीनं मांडणाऱ्या त्याच असतात.

शेवटची गोष्ट पाठपुराव्याची. जाहिरातीत 'तीन महिने सोबत' असं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात महिन्याला एक फोन आणि व्हॉट्सअॅपचा गट. गटात फोटो येतात, अडचण येत नाही. पहिला प्रयोग झाल्यावर महिनाभरात कामाला खीळ बसते: कुणी नोकरीला पुण्याला जातं, कुणाचं लग्न ठरतं, गावातला एखादा पुढारी 'आमच्याविरुद्ध नाटक केलं' म्हणून धमकावतो. त्या वेळी अनुभवी माणूस गावात येऊन बसला तर गट टिकतो. दोन प्रत्यक्ष भेटींसाठी फी तीनशे रुपयांनी वाढवली तरी लोक देतील, आणि द्यावी.

एवढं असूनही जाणं फायद्याचं आहे, फक्त एकट्यानं जाऊ नये. एका गावातून तिघं जावेत, त्यात निदान एक बाई. एकटा परतलेला कार्यकर्ता गावात पुन्हा एकटाच बोलत राहतो. तिघांपैकी एकजण चांगला बोलणारा, एकजण चांगला लिहिणारा आणि एकजण वस्तीत उठबस असलेला असावा. जाताना गावाचा एकच प्रश्न ठरवून जावं, आणि त्याबद्दलचे कागद सोबत घ्यावेत: ग्रामसभेचे मागचे ठराव, टँकरच्या खेपांची नोंद, शाळेची पटसंख्या, जे असेल ते. संहिता त्याच कागदांवरून उभी राहते. घरची हलगी असेल तर ती न्या, तिथं कमीच आहेत. आणि नावनोंदणीच्या वेळी पाठपुराव्याच्या भेटीची तारीख आणि येणाऱ्या प्रशिक्षकाचं नाव लेखी मागून घ्या, मगच फी भरा.